पंखा देणगीचा, बिल कुणाचे?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या वसतिगृहात, वृद्धाश्रमात किंवा अंध मुलांच्या शाळेत देणगीदारांची यादी वेगळी मागावी लागत नाही. ती वस्तूंवरच वाचता येते. पंख्याच्या पात्यांवर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, लोखंडी कपाटावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’, ताटांच्या काठावर यंत्राने कोरलेली आद्याक्षरे. कार्यालयात अन्नदानाचे दरपत्रक टांगलेले असते: साधे जेवण, गोडाचे जेवण, पूर्ण दिवस. वाढदिवस आणि पितृपंधरवडा एकत्र आले की मुलांच्या ताटात जिलेबीवर जिलेबी पडते, आणि त्यानंतरचे कित्येक दिवस आमटी-भात. अशा संस्थेच्या अधीक्षकांना ‘तुमचे अडते कुठे’ असे विचारले, तर ते पंखा मागत नाहीत. स्वयंपाकीण दुसरीकडे जास्त पैसे मिळतात म्हणून निघाली आहे, रात्रीचा पहारेकरी ठेवणे परवडत नाही, पंखे पुष्कळ झाले पण विजेचे बिल थकले आहे, असे ते सांगतात. या गोष्टींना देणगीदार मिळत नाही, कारण स्वयंपाकिणीच्या पगारावर नाव रंगवता येत नाही.

हा केवळ हौसेमौजेचा प्रश्न असता तर सोडून देता आला असता. पण दुसऱ्याला मदत करणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर आपण व्यवहारात कसे देतो ते इथे दिसते. आपला समाज वस्तू द्यायला उदार आहे आणि माणसांचा मोबदला द्यायला कमालीचा कंजूष. दुबळ्याला खरोखर उपयोगी पडते ती मात्र दुसऱ्या माणसाची मेहनत: रोज वेळेवर येणारी, शिकलेली, टिकणारी. वस्तू त्या मेहनतीच्या हाताशी असायला हवी, एवढेच. म्हणून ज्या दानातून त्या मेहनतीची किंमत चुकती होत नाही, ते दान अर्धवट आहे, असे माझे मत आहे. उरलेला अर्धा भाग कुणीतरी भरतोच. बहुतेक वेळा तो भरणाऱ्याचे नाव कुठल्याही फलकावर नसते.

महाराष्ट्रातल्या शिक्षणसंस्थांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्याकडे मोठे भांडवल नव्हते. तिचे खरे भांडवल होते आजीव सभासदांची वीस वर्षांची बांधिलकी आणि महिना ७५ रुपयांचा पगार. आगरकर, गोखले, कर्वे यांच्यासारख्या, बाहेर कितीतरी अधिक मिळवू शकणाऱ्या माणसांनी तो पत्करला. त्यांनी न घेतलेला पगार ही त्या संस्थेला मिळालेली सर्वात मोठी देणगी होती, आणि तिची पावती कुणी फाडली नाही. हा त्याग सुखासुखी चालला असेही नाही. पगारवाढ मागावी की नाही, बाहेर मिळकत करावी की नाही, यावरून टिळक आणि त्यांचे सहकारी यांच्यात बिनसले आणि १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. इतिहासाच्या पुस्तकांत हा वाद तत्त्वांचा आणि स्वभावांचा म्हणून येतो. तो तसा होताही. पण त्याच्या बुडाशी अगदी घरगुती प्रश्न होता: एवढ्या पगारात संसार चालतो का?

टिळकांच्या जाण्याने मोकळ्या झालेल्या गणिताच्या जागेवर १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले. पाच वर्षांनी त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो स्वतःची बचत घालून आणि दारोदार वर्गणी मागून. पार्वतीबाई आठवले आश्रमाचे घरकाम सांभाळता सांभाळता निधी गोळा करू लागल्या आणि त्यासाठी पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई यांचे, नाव मिळाले. या देणगीचे मोल मी कमी करत नाही. पण १९१६ पासून मूठभर मुलींना घेऊन विद्यापीठ चालवून दाखवणाऱ्यांनी आधीची चार वर्षे काढली नसती, तर १५ लाख द्यायचे कुणाला, हा प्रश्न उरला असता. साताऱ्याकडे भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा गेले. ही गोष्ट आपण भाषणांत गहिवरून सांगतो. तिथल्या पेठेत धान्याची दुकाने होती, गावोगाव सधन घरे होती, तरी एका बाईच्या गळ्यातले काढायची वेळ का आली, हे मात्र विचारत नाही.

गहिवरण्याची ही सवय महागात पडली आहे. थोरांनी स्वेच्छेने केलेल्या त्यागाचे आपण इतरांसाठी नियमात रूपांतर केले. ‘समाजसेवा करायची आणि वर पगार मागायचा?’ हे वाक्य आजही सहज ऐकू येते, आणि ते म्हणणारा स्वतः पगारवाढीसाठी नोकरी बदलत असतो. शासनालाही ही सवय लागली. ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर शाळांना परवानग्या दिल्या गेल्या, आणि तिथल्या हजारो शिक्षकांनी वर्षानुवर्षे बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर शिकवले. शिकवून झाल्यावर शेतमजुरीला जाणारे, आझाद मैदानात उपोषणाला बसणारे शिक्षक वर्तमानपत्रांतून येत राहिले. त्यांनी समाजाला जे दिले ते दान नव्हते. ते काढून घेतलेले होते.

जगातल्या सर्वात गाजलेल्या दानशूराची गोष्टही याच मुद्द्यापाशी येऊन थांबते. अँड्र्यू कार्नेगीने २,५००हून अधिक वाचनालये बांधून दिली. त्याची अट मजेशीर होती: जागा गावाने द्यायची आणि इमारतीला दिलेल्या रकमेच्या दहा टक्के दरवर्षी कराच्या पैशांतून वाचनालय चालवण्यासाठी काढायचे. म्हणजे नुसत्या इमारतीने वाचनालय होत नाही, ग्रंथपालाला पगार लागतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. फक्त तो पगार त्याला द्यायचा नव्हता. आता हेही खरे की त्या अटीमुळे गावांना वाचनालये आपली वाटली आणि ती टिकली. पण त्याच कार्नेगीच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात १८९२ मध्ये मजुरीत कपात लादली गेली, टाळेबंदी झाली, रक्त सांडले आणि कामगार संघटना मोडून काढण्यात आली. सहा वर्षांनी तिथेही त्याने देखणे वाचनालय उभारले. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाने पुस्तक वाचायचे कधी, असे कामगार विचारत, आणि त्याचे उत्तर इमारतीत नव्हते. उगाच लहान लहान रकमा माणसांच्या हाती पडल्या तर त्या वाया जातात, ती संपत्ती शहाण्या श्रीमंताने समाजासाठी एकगठ्ठा वापरावी, असा त्याचा सिद्धान्त होता. पुढे कॉर्नेल विद्यापीठाचा विश्वस्त झाल्यावर प्राध्यापकांचे पगार किती तुटपुंजे असतात हे पाहून त्याला धक्का बसला, आणि १९०५ मध्ये त्याने अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. वाचनालयांइतके त्याचे हे दान कुणाच्या लक्षात नाही. माझ्या मते ते त्याचे सर्वात शहाणपणाचे दान होते.

वस्तू आणि माणूस यांतला फरक आकड्यांत पाहायचा असेल तर गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. साहित्य अगदी साधे होते: वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला उबदार ठेवणारी पिशवी, काही औषधे. ही पिशवी कुणीही देणगीदार आनंदाने देईल, तिचा फोटोही चांगला येतो. पण प्रयोगाचा प्राण होता तो गावातली जेमतेम शिकलेली एक बाई. ती बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाई, बाळाचे श्वास मोजी, वजन करी, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखी, गरज पडली तर इंजेक्शन देई आणि सगळे टिपून ठेवी. तिला महिनोन्‌महिने शिकवणारे, तिच्या नोंदी तपासणारे, ती चुकली तर परत दाखवणारे लोक तिच्या पाठीशी होते. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होता. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध छापला आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली. आता या यशाचा जमाखर्च मांडायला बसा. पिशवी आणि काटा एका ओळीत संपतील. बाकीचे सगळे प्रशिक्षण, देखरेख, मानधन आणि प्रवासभाडे. देणगीदारांच्या बोलीत याला ‘प्रशासकीय खर्च’ म्हणतात आणि नाक मुरडतात.

हे नाक मुरडणे आता कायद्यातही उतरले आहे. एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यामुळे पैसा नक्की आला, आणि त्याने पुष्कळ चांगले झालेही. पण २०२१ मध्ये बदललेल्या नियमांनंतर हा पैसा संस्थेच्या कायमनिधीत, म्हणजे ज्याच्या व्याजावर पगार आणि बिले निघतात त्या ठेवीत, टाकता येत नाही. चालू प्रकल्पाची कमाल मुदत सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. यातल्या प्रत्येक तरतुदीमागे गैरव्यवहाराची खरी उदाहरणे असतील. एकत्र परिणाम मात्र असा, की संस्था प्रकल्पामागून प्रकल्प पकडत राहते, माणसे कंत्राटावर घेते, ती शिकून तयार होईपर्यंत प्रकल्प संपतो आणि ती निघून जातात. ‘ब्रिजस्पॅन’ या सल्लागार संस्थेने २०२१ मध्ये भारतातल्या सुमारे चारशे स्वयंसेवी संस्थांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक संस्थांनी अप्रत्यक्ष खर्चासाठी पैसा मिळवणे अवघड जाते असे सांगितले. हिशेबनीस, संगणक, कार्यालयाचे भाडे यांना पैसे द्यायचे नाहीत आणि अहवाल मात्र दर तिमाहीला रंगीत तक्त्यांसह हवा, अशी ही तऱ्हा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. पगाराच्या नावाखाली विश्वस्त पैसे खातात, वस्तू निदान डोळ्यांना दिसते. विश्वस्तांच्या सुना-जावयांना नोकऱ्या लावणाऱ्या संस्था महाराष्ट्राला नव्या नाहीत, तेव्हा ही भीती पोकळ म्हणता येत नाही. पण खाण्याच्या वाटा कुठे जास्त असतात हे कुठल्याही हिशेब तपासणाऱ्याला विचारावे. सिमेंटचे बिल फुगवता येते, गाद्यांचा दर्जा उतरवता येतो, खरेदीत टक्का काढता येतो, आणि फीत कापल्यावर ते कुणी तपासत नाही. पगार बँकेत जमा होतो, त्यातून भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, घेणाऱ्याला नाव-गाव असते आणि त्याला कमी मिळाले तर तो बोलतो. खर्चाच्या सगळ्या प्रकारांत पगार हा माग काढायला सर्वात सोपा. सार्वजनिक न्यासांना धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब द्यावेच लागतात. देणगीदाराने ते मागून वाचावेत. कार्यक्रमाचे फोटो पाहण्यापेक्षा हे कंटाळवाणे आहे, पण विश्वास ठेवण्याआधी एवढा कंटाळा सोसायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे: चांगला पगार दिला की सेवाभाव जातो, कामाची नोकरी होते. साने गुरुजी, गाडगेबाबा यांच्या प्रदेशात हे म्हणणे लगेच पटते. पण तुटपुंज्या मानधनावर दहा वर्षे काढणे कुणाला शक्य असते, ते पाहा. ज्याचे वडिलोपार्जित घर आहे, ज्याच्या जोडीदाराची पक्की नोकरी आहे, ज्याच्यावर आईवडिलांच्या औषधांचा भार नाही, त्याला. भूमिहीन घरातून आलेली, कर्ज काढून समाजकार्याची पदवी घेतलेली मुलगी कितीही तळमळीची असली तरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिला बाहेर पडावे लागते. परिणामी ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्यातले लोक संस्थेत टिकत नाहीत आणि निर्णय घेणाऱ्या खुर्च्यांवर सुस्थितीतले बसतात. सेवाभावाची ही गाळणी माणसाची तळमळ तपासत नाही, त्याच्या घरची मिळकत तपासते. भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’ काढली ती नेमकी ही अडचण ओळखून. गरिबाच्या पोराकडून फुकट श्रमाची अपेक्षा न करता त्याच्या श्रमाला मोल दिले.

पगार देणे हे सरकारचे काम आहे, हा तिसरा आक्षेप, आणि तो मला निम्मा मान्य आहे. शाळेतला शिक्षक, दवाखान्यातली परिचारिका यांचा पगार लोकांच्या वर्गणीवर अवलंबून असता कामा नये. टाटा मेमोरियल रुग्णालय सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ मध्ये सुरू केले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. देशभरातून परळला येणाऱ्या कर्करुग्णांचा भार एका न्यासाने कायमचा पेलणे शक्यच नव्हते. देणगीचे काम असते वाट दाखवण्याचे, जोखीम घेण्याचे, आणि ती वाट मळली की सरकारकडे सोपवण्याचे. पण वाट दाखवणारी माणसेही त्या मधल्या काळात जेवतात. शिवाय सोपवल्यावर सरकार काय करते तेही पाहायला हवे. गडचिरोलीत सिद्ध झालेली पद्धत राबवणाऱ्या आशांना आजही सरकारी कागदोपत्री स्वयंसेविकाच म्हटले जाते, कामागणिक मोबदला मिळतो, आणि वाढीव मोबदल्यासाठी महाराष्ट्रात त्यांना पुन्हा पुन्हा संप करावा लागला आहे. देणगीदाराने वर्षानुवर्षे जी कंजुषी प्रतिष्ठित केली, तीच सरकारने उचलली.

मोठ्या रकमेच्या भीतीने सामान्य माणूस या विषयातून अंग काढून घेतो, त्याचे कारण नाही. १९०५च्या सुमारास अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडाने माणशी वर्षाला एक पैसा मागितला. टिळकांनी त्याला बळ दिले, आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. तिथे काचकाम शिकलेले कारागीर पुढे देशभर पांगले. पैसा देणाऱ्याचे नाव कुठे लागणार नव्हते, त्याने काच कोणत्या आकाराची असावी हेही सांगितले नाही. आजच्या हिशेबात महिन्याला दोनशे-पाचशे रुपये, बँकेला कायमची सूचना देऊन, कुठल्याही अटीशिवाय देणारी शंभर माणसे एखाद्या छोट्या वसतिगृहाच्या अधीक्षकाला खिरीच्या शंभर पातेल्यांपेक्षा जास्त हवी असतात. त्याला मार्चमध्ये जूनचे ठरवता येते. नव्या करप्रणालीत गेलेल्यांना देणगीवर आयकरातली ‘८०जी’ची सवलतही मिळत नाही, तेव्हा वस्तू की रोख, पावती की निनावी, असले हिशेब त्यांच्यापुरते संपलेच आहेत.

मोठ्या देणगीदारांसाठी वेगळी सूचना. नावाचा मोह वाईट नाही. आईवडिलांचे नाव कुठेतरी राहावे असे वाटणे अगदी माणसासारखे आहे, आणि त्या मोहानेच अनेक रुग्णालये उभी राहिली. विद्यापीठांत थोरांच्या नावाने अध्यासने असतात, म्हणजे ठेवीच्या व्याजातून प्राध्यापकाचा पगार निघतो. हीच सोय वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीसाठी, मूकबधिर शाळेतल्या विशेष शिक्षिकेसाठी, ग्रामीण दवाखान्यातल्या परिचारिकेसाठी का नसावी? ‘कै. अमुक स्मृती परिचारिका पद’ हा फलक खोलीच्या फलकापेक्षा कमी शोभणार नाही. आणि ज्यांच्याकडे कंपन्यांचा पैसा आहे त्यांना असे करायचे असेल, तर आड येणारा कायमनिधीचा निर्बंध आणि प्रकल्पाची तीन वर्षांची मुदत नियमांच्या पातळीवरची आहे. ती बदलायला संसदेपुढे जायची गरज नाही, कंपनी व्यवहार मंत्रालयाची एक अधिसूचना पुरते. उद्योगसंघटना दर अर्थसंकल्पाआधी अर्थमंत्र्यांना मागण्यांची लांबलचक यादी देतात. तीत या मागणीला अजून एक ओळ लागेल.